तिसरी पायरी

आमची शाळा जैनथ मंडलात आहे. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. आदिलाबाद जिल्ह्याच्या या पट्ट्यात अजून मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा चालतात. मुलं घरी मराठी बोलतात, काही गोंडी किंवा कोलामी, आणि बाजारात गेलं की तेलुगू. मी सोशल शिकवतो. कॉम्प्युटर हा माझा विषय नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून हे इंजिनिअर लोकांचं काम आहे असं कुणाला वाटणार नाही.

शाळेच्या कपाटात जुन्या सराव प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे होते. आमच्या मुलांना बाहेर गाइड मिळणं अवघड. नदीपलीकडची गाइडं महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमाची, आणि इथली तेलुगूत नाहीतर इंग्रजीत. त्यामुळे आधीच्या शिक्षकांनी मराठीत काढलेल्या या पत्रिका आमच्या फार कामाच्या. पण त्या ज्या कॉम्प्युटरवर टाइप झाल्या, ते कधीच भंगारात गेले. हातात फक्त पिवळे पडलेले कागद. एखादा प्रश्न बदलून नवी पत्रिका काढायची तर सगळं पुन्हा टाइप करायचं. दोन-तीन पानं असली तर मोबाइलने फोटो काढून अक्षरं उचलता येतात. गठ्ठ्यांचं तसं होत नाही, आणि शाळेत नेटवर्कही धड नसतं.

माझा एक जुना विद्यार्थी हैदराबादला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याच्या ऑफिसातून निघालेला एक जुना कॉम्प्युटर त्याने शाळेला दिला. त्यात उबुंटू २४.०४ ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकून दिली. म्हणाला, "सर, टेसरॅक्ट वापरा. फुकट आहे, नेट लागत नाही, मराठी वाचतो."

टेसरॅक्ट हा छापील पानाच्या फोटोवरून अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम. एचपी कंपनीने तो १९८० च्या दशकात बनवायला घेतला, २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला, पुढे बरीच वर्षं गूगलने सांभाळला. मराठी, तेलुगू, हिंदी अशा प्रत्येक भाषेची त्याची वेगळी फाइल असते. आपल्याला हवी ती भाषा आपण बसवायची.

नुसत्या टेसरॅक्टला सहसा एकेक चित्र द्यावं लागतं. म्हणून मी आणखी एक छोटा प्रोग्रॅम शोधला. तो स्कॅन केलेला पूर्ण गठ्ठा घेतो, दोन रकान्यांची पानं वेगळी करतो, टेसरॅक्टकडून वाचून घेतो आणि एकच फाइल तयार करून देतो. आम्हाला हवं होतं तेच. त्याचं नाव इथे सांगत नाही. त्याच्या सूचनांत एक चूक होती, ती आता दुरुस्त झाली आहे, आणि तसल्या चुका इतरही पुष्कळ प्रोग्रॅमांच्या सूचनांत सापडतील.

इन्स्टॉल करण्याच्या सूचना पाच पायऱ्यांच्या होत्या. गिटने प्रोग्रॅम उतरवा. टेसरॅक्ट बसवा. मराठीची फाइल उतरवून अमुक फोल्डरमध्ये ठेवा. पिपने बाकीचे भाग बसवा. चालवा. खाली लिहिलं होतं, पाच मिनिटांचं काम.

शाळा सुटल्यावर मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बसलो.

पहिल्याच पायरीला टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची खिडकी, म्हणालं, गिट नावाची कमांडच नाही. उबुंटूत गिट आधीपासून नसतं, हे सूचनेत कुठेच नव्हतं. पण खुद्द उबुंटूनेच खाली लिहून दिलं की ते असं असं बसवा. तसं केलं. टेसरॅक्टही बसला.

तिसऱ्या पायरीला काही अडलं नाही. पण खरा त्रास तिथेच सुरू झाला. सूचनेत लिहिलं होतं की टेसरॅक्टच्या फोल्डरात '४.००' नावाचं फोल्डर आहे, त्याच्या आतल्या 'टेसडेटा'त मराठीची फाइल ठेवा. नसेल तर ते फोल्डर बनवणारी कमांडही दिली होती. मी ती कमांड दिली. फोल्डर बनलं, फाइल त्यात गेली, एकही एरर नाही.

चौथ्या पायरीला पिप सापडलं नाही. तेही बसवलं. मग पिपने नकार दिला. इंग्रजीत भलामोठा मजकूर आला. अर्थ एवढाच, की ही जागा उबुंटू सांभाळतो, इथे तुम्ही काही टाकू नका. प्रोग्रॅमच्या पानावर पूर्वी कुणीतरी हीच तक्रार नोंदवली होती. त्याखाली एकाने उपाय दिला होता, कमांडच्या शेवटी एक शब्द जोडा, नकार निघून जाईल. त्या शब्दाचा अर्थच 'सिस्टीमचे भाग मोडले तरी चालतील' असा होता. शाळेच्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर तसं करायला माझा हात धजेना.

रात्री विद्यार्थ्याला फोन लावला.

"सर, ते चांगलं केलंत, तो शब्द वापरला नाहीत ते," तो म्हणाला. मग त्याने समजावून सांगितलं. उबुंटूची स्वतःची बरीच कामं पायथन भाषेतल्या प्रोग्रॅमांवर चालतात. पिपही पायथनचेच भाग आणून ठेवतो. दोघांनी एकाच जागी सामान ठेवलं तर एकाचं दुसऱ्याला लागतं, आणि कधी कधी सिस्टीमच बिघडते. म्हणून उबुंटू ज्यावर बेतलेला आहे त्या डेबियनने जून २०२३ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून पिपला तिथे मज्जाव केला. उबुंटूनेही तेच केलं. सूचना त्याच्या आधीच्या होत्या. त्या वेळी त्या बरोबर होत्या.

उपाय साधा निघाला. प्रत्येक प्रोग्रॅमसाठी वेगळं फोल्डर करायचं, त्याला व्हेन्व्ह म्हणतात, आणि पिपला त्याच्या आत काम करू द्यायचं. उबुंटूत व्हेन्व्हचा भागही आधी ॲप्टने, म्हणजे उबुंटूच्या प्रोग्रॅम बसवायच्या कमांडने, बसवावा लागतो. तो बसवला. चौथी पायरी पार पडली.

पाचव्या पायरीला प्रोग्रॅम चालू झाला आणि लगेच थांबला. टेसरॅक्टला मराठी सापडत नव्हती. फाइल तर मी माझ्या हाताने ठेवली होती. पुन्हा उतरवली, पुन्हा ठेवली. तेच. डाउनलोड अर्धवट झालं असेल, कॉम्प्युटर जुना आहे म्हणून होत असेल, असं वाटत राहिलं. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी वैतागून कॉम्प्युटर बंद केला आणि नंतर बरेच दिवस त्याच्याकडे फिरकलो नाही. गठ्ठे कपाटात परत गेले.

दसऱ्याच्या सुट्टीत विद्यार्थी गावी आला. शाळेत येऊन त्याने एकच कमांड दिली: टेसरॅक्ट, आणि पुढे दोन आडव्या रेघांनंतर 'लिस्ट-लँग्ज'. टेसरॅक्टला कोणत्या भाषा येतात ते ही कमांड सांगते, आणि तो त्या कोणत्या फोल्डरात शोधतो तेही. यादीत मराठी नव्हती. आणि वर जो पत्ता आला त्यात '४.००' नव्हतं, नुसतं '५' होतं.

एवढीच गोम होती. उबुंटू २२.०४ मध्ये टेसरॅक्टची चौथी आवृत्ती येते आणि तिचं फोल्डर '४.००'. २४.०४ मध्ये पाचवी येते आणि फोल्डरचं नाव '५'. माझ्या कॉम्प्युटरवर '४.००' नव्हतंच. सूचनेतल्या कमांडने ते नव्याने बनवलं, आणि फाइल अशा जागी जाऊन बसली जिथे कुणी बघतच नाही. चूक तिसऱ्या पायरीत आणि एरर पाचव्या पायरीला. म्हणून ती सापडत नव्हती.

बरं, फाइल हाताने उतरवायची गरजच नव्हती. उबुंटूकडे मराठीचं तयार पॅकेज आहे. ॲप्टला 'टेसरॅक्ट-ओसीआर-मार' बसव म्हणायचं, फाइल आपोआप योग्य जागी जाते, मग आवृत्ती कोणतीही असो. तेलुगूसाठी शेवटी 'मार'च्या जागी 'तेल'. ही कमांड देताच यादीत मराठी आली. पहिलं पान वाचून झालं तेव्हा आम्ही दोघं मोठ्याने हसलो.

मी म्हणालो, झालं आपलं काम. तो म्हणाला, "सर, आता ती सूचना दुरुस्त करा."

"तूच कर की," मी म्हणालो. "तुला येतं."

"मला येतं म्हणूनच मी ती पायरी वाचणार नाही. मी थेट ॲप्टने बसवलं असतं. मला ती चूक दिसलीच नसती. तुम्हाला दिसली."

त्याचं म्हणणं पटलं. प्रोग्रॅम बनवणाऱ्याने स्वतःच्या कॉम्प्युटरवर तो एकदा बसवलेला असतो. पुन्हा त्या पाच पायऱ्या वाचायचं त्याला कारण पडत नाही. हायवे रुंद करताना वड तोडला गेला तरी गावचा माणूस पाहुण्याला 'वडापाशी वळा' म्हणूनच सांगतो. वड नाही हे पाहुण्यालाच कळतं. असे प्रोग्रॅम जिथे ठेवले जातात त्या गिटहब या संकेतस्थळाने २०१७ मध्ये ओपन सोर्सवाल्यांची पाहणी केली होती. अर्धवट किंवा जुनाट माहितीपत्रकांचा अनुभव आल्याचं ९३ टक्के लोकांनी सांगितलं. आणि काम करणाऱ्यांपैकी ६० टक्के म्हणाले, माहितीपत्रकाच्या कामाला आम्ही क्वचितच हात लावतो किंवा लावतच नाही.

मला भीती होती ती इंग्रजीची. कारभार सगळा इंग्रजीत. माझं इंग्रजी सर्क्युलर वाचण्यापुरतं. विद्यार्थ्याने चार ओळींचा साचा लिहून दिला. माझी सिस्टीम ही. मी ही कमांड दिली. हे उत्तर आलं. याने काम झालं. म्हणाला, यापेक्षा जास्त इंग्रजी कुणालाच नको असतं.

आधी नव्या कॉम्प्युटरवर पडताळून बघायचं होतं. आमच्या कॉम्प्युटरवर एव्हाना इतकं काही बसलं होतं की कोणत्या पायरीने काय झालं हे सांगता येत नव्हतं. दुसरा कॉम्प्युटर कुठून आणणार? त्यावर सोपी तोड निघाली. उबुंटू पेन ड्राइव्हवरून नुसतं चालवून बघता येतं, बसवावं लागत नाही. बंद केलं की सगळं पुसलं जातं. पुन्हा चालू केलं की कोरी सिस्टीम. २४.०४ ची फाइल सहा जीबीच्या आसपास आहे, म्हणून ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो. शाळेच्या नेटवर ती उतरवणं शक्य नव्हतं. विद्यार्थ्याकडे होती.

कोऱ्या सिस्टीमवर जुन्या सूचनेतलं आणखी एक भोक दिसलं. टेसरॅक्ट बसवा म्हटलं तर पॅकेज सापडत नाही असं उत्तर आलं. त्याआधी 'ॲप्ट अपडेट' करून यादी ताजी करावी लागते. माझ्या कॉम्प्युटरवर ती आधीच ताजी होती, म्हणून तिथे अडलं नव्हतं.

मग नवी सूचना लिहिली. यादी ताजी करा. गिट, टेसरॅक्ट, मराठी आणि व्हेन्व्ह हे सगळं ॲप्टने एकाच ओळीत बसवा. 'लिस्ट-लँग्ज'ने मराठी दिसते का बघा; दिसत नसेल तर पुढे जाऊ नका. प्रोग्रॅम उतरवा. व्हेन्व्ह बनवून त्यात पिपने भाग बसवा. चालवा. तपासायची पायरी मी मुद्दाम मध्ये घातली. ती असती तर माझे कितीतरी दिवस वाचले असते.

पाठवणं वाटलं होतं तितकं अवघड नव्हतं. गिटहबवर खातं उघडलं. सूचनेच्या फाइलवर पेन्सिलचं चिन्ह असतं. ते दाबलं की त्या प्रकल्पाची एक प्रत आपल्या खात्यात तयार होते, तिला फोर्क म्हणतात. बदल आपण आपल्या प्रतीत करायचे, आणि मूळ मालकाला सांगायचं की हे घ्या. त्याला पुल रिक्वेस्ट म्हणतात. मूळ फाइलला आपल्या हातून काही होत नाही. हे कळल्यावर जरा धीर आला. तरी शेवटचं हिरवं बटण मी त्या दिवशी दाबलं नाही. घरी गेलो, जेवलो, आणि मग मोबाइलवरून दाबलं.

लगेच एक लाल फुली उमटली. मला वाटलं, संपलं. पण त्या प्रकल्पाचा नियम होता की बदलाच्या नोंदीखाली आपलं नाव आणि ईमेल असलेली सहीची ओळ हवी. हे काम माझं आहे आणि देण्याचा मला हक्क आहे, एवढंच ती ओळ सांगते. ती टाकली. फुली गेली.

नंतर बरेच दिवस काहीच उत्तर नाही. असले छोटे प्रकल्प एक-दोन माणसं आपली नोकरी सांभाळून चालवतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, माझ्या इंग्रजीला हसत असतील.

उत्तर आलं ते सौम्य होतं. आभार मानले होते आणि तीन गोष्टी मागितल्या होत्या. पहिली, फोल्डरचा बदल आणि पिपचा बदल वेगवेगळे पाठवा, म्हणजे एकाबद्दल शंका आली तर दुसरा अडकणार नाही. दुसरी, २२.०४ वापरणारे अजून पुष्कळ आहेत, नवी सूचना त्यांच्याकडेही चालते का ते बघून सांगा. तिसरी, कोणत्या आवृत्तीवर आणि कधी तपासलं ते शेवटी लिहा.

दुसऱ्या मागणीने पुन्हा पेन ड्राइव्ह आला. २२.०४ वर सगळं चाललं, कारण ॲप्ट स्वतःच बरोबर फोल्डर निवडतो. दोन तुकडे करून पाठवलं. दोन्ही स्वीकारले गेले. मुख्याध्यापकांना दाखवलं. त्यांनी विचारलं, याचे पैसे किती? मी म्हणालो, काही नाही. ते म्हणाले, मग प्रमाणपत्र तरी? तेही नाही.

प्रश्नपत्रिकांचं काम चांगलं चाललं आहे. कुणाला करायचं असेल तर दोन गोष्टी सांगतो. स्कॅन ३०० डीपीआयच्या खाली नको. आणि मराठी-तेलुगू मिश्र पान असेल तर भाषेच्या जागी 'मार' आणि 'तेल' मध्ये अधिकचं चिन्ह घालून दोन्ही द्यावीत. सायक्लोस्टाइलची पानं नीट वाचली जात नाहीत, आणि छापील पानांतही जोडाक्षरं चुकतात. एकदा नजरेखालून घालावंच लागतं. तरी टाइप करण्यापेक्षा बरं.

ही गोष्ट ऐकून नारनूर मंडलातले एक गोंड शिक्षक आले. त्याच मंडलात गुंजाला गाव आहे. तिथे गोंडीची जुनी हस्तलिखितं सापडली आणि त्यांच्या लिपीला गावाचंच नाव मिळालं. जून २०१८ मध्ये ती युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, आली. टेसरॅक्टला ती वाचता येत नाही, हे त्यांना सांगावं लागलं. पण नोटो नावाच्या फॉन्ट-मालिकेत तिचा फुकट फॉन्ट आहे. त्यांना तो मुलांच्या तक्त्यांसाठी हवा होता आणि फॉन्ट बसवण्याच्या एका सूचनेपाशी ते अडले होते.

सूचना एका ओळीची होती: फाइल फॉन्टच्या फोल्डरात टाका. उबुंटूत वापरणाऱ्याचं फॉन्टचं फोल्डर लपलेलं असतं. कंट्रोल आणि एच दाबल्याशिवाय दिसत नाही. आणि नव्या सिस्टीमवर ते बनलेलंच नसतं. खरं तर फाइलवर डबल क्लिक केलं की फॉन्ट उघडतो आणि वर इन्स्टॉलचं बटण येतं. आम्ही तेच लिहून त्या सूचनेच्या मालकाला पाठवलं. यावेळी इंग्रजी त्यांनी लिहिलं, साचा तोच चार ओळींचा. आधीचा एक तक्ता उघडला तर चौकोनांच्या जागी अक्षरं आली. ते शिक्षक बराच वेळ वाचत बसले.

तुम्ही कुठे अडलात तर माझं सांगणं असं. टर्मिनलवर जे आलं ते तिथल्या तिथे कॉपी करून ठेवा, नंतर आठवत नाही. मार्ग सापडला की त्याच आठवड्यात पाठवा, कारण आपल्याला जमू लागलं की आपणही ती पायरी वाचायचं सोडतो. कोऱ्या सिस्टीमवर एकदा बघा. एका वेळी एकच बदल पाठवा. जुनी सूचना लिहिणाऱ्याला नावं ठेवू नका, त्याच्या वेळी ती चालत होती. फक्त चूक कळवायची असेल आणि दुरुस्ती जमत नसेल, तर तक्रार नोंदवण्याची जागा वेगळी असते. तिथे चार ओळी लिहिल्या तरी पुढच्याचं काम होतं.

आणि सूचनेखाली आवृत्ती आणि तारीख जरूर लिहा. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते. आम्ही लिहिलेलंही कधीतरी शिळं होणार आहे. ते कधीचं आहे हे वाचणाऱ्याला पहिल्याच नजरेत कळलं, तर तो माझ्यासारखा स्वतःच्या कॉम्प्युटरवर संशय घेत बसणार नाही.